टाकलेल्या वस्त्रांचं काय करायचं?

जुन्या बाहुल्या जमवणाऱ्यांच्या जगात एक उलटा हिशेब चालतो. बाहुली स्वस्त, कपडे महाग. १९५९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मॅटेल कंपनीनं बार्बी पहिल्यांदा मांडली, तेव्हा तिची किंमत होती ३ डॉलर, आणि तिचा नवरीचा पोशाख तिच्याहून महाग होता. कंपनीचं गणित सरळ होतं: बाहुली एकदाच घेतली जाते, कपडे मात्र दर वाढदिवसाला. आजही तसंच आहे. केस पिंजारलेली, अंगावर शाईचे डाग पडलेली बाहुली कुठंतरी मिळून जाते; पण तिचा अस्तर लावलेला झगा, जोडीतले दोन्ही हातमोजे आणि दोन्ही चपला शाबूत असतील तर त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. शरीर गौण, वस्त्र मुख्य.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक याच्या बरोबर विरुद्ध बाजूला उभा आहे. माणूस जसे जुने कपडे उतरवून नवे चढवतो, तसा देही जुनी शरीरं सोडून नव्यांत शिरतो. हा श्लोक येत नसलेलं घर आमच्या धारवाडच्या माळमड्डीत सापडणं अवघड, आणि तो मला ऐकवल्याशिवाय चहाचा कप न उचलणारा एक माणूस तर आमच्याच घरात आहे. माझे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हुबळीला सिद्धारूढ मठात प्रवचनाला जातात. अद्वैतावर त्यांचा हात बसलाय म्हणा ना. माझ्या कपाटासमोर उभे राहतात, चष्मा वर करतात आणि म्हणतात, "वहिनी, देही कधीच गेला. तुम्ही नुसती वस्त्रं धरून बसलाय."

थट्टेत म्हणतात, पण प्रश्न थट्टेचा नाही. पुढचं सगळं त्यांना दिलेलं उत्तर समजा. जरा लांबलंय.

कपाटात फार काही आहे अशातला भाग नाही. परदेशातला संग्राहक बघेल तर हसेल. एक लाकडी ठकी आहे, सासरच्या फडताळातली, चिंध्यांच्या दोनचार, सेल्युलॉइडची एक जपानी, जिच्या पाठीला चीर गेलीय. एक सिंडी आहे. ही ब्रिटिश बाहुली, पेडिग्री कंपनीनं १९६३ साली काढलेली. ती हुबळीच्या रेल्वे वसाहतीतून आली. एकोणिसाव्या शतकात सदर्न मराठा रेल्वेनं हुबळीत कारखाना काढला, आणि त्याच्याभोवती अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती वाढली. स्वातंत्र्यानंतर त्यातली बरीच इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेली. गदग रोडकडच्या एका बाई कायमच्या मुलीकडे निघाल्या तेव्हा भांडीकुंडी वाटता वाटता त्यांनी मला सिंडी दिली, निळी-लाल-पांढरी पट्ट्यांची बंडी आणि जीन्स यांच्यासकट. बंडीच्या कोपराला रफू होतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या हातचं असावं, दोरा चुकीच्या रंगाचा. संग्राहकांच्या भाषेत याला खोट म्हणतात आणि किंमत उतरते. मला मात्र आख्ख्या पोशाखात तेवढंच रफू खरं वाटतं.

आणि बार्बी. ती माझ्या लहानपणची. आमचे काका धारवाडच्या शेतकी कॉलेजातून अमेरिकेला शिकायला गेले होते, येताना माझ्यासाठी आणली. खोका उघडला आणि माजघरात सन्नाटा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, उघडे खांदे, उघडे पाय, ओठ लाल, नजर तिरकी. आजी म्हणाली, "अगंबाई, ही कुणाची कोण?" काकांची पंचाईत झाली. या बाईचा मूळ वंश त्यांना तरी कुठं ठाऊक होता! जर्मनीत 'बिल्ट' वर्तमानपत्रातल्या एका चित्रमालिकेतली लिली नावाची बया १९५५ साली बाहुली होऊन दुकानांत आली, ती मोठ्या माणसांच्या गमतीसाठी. मॅटेलच्या रूथ हँडलर यांनी ती स्वित्झर्लंडमध्ये पाहिली, आणि तिच्यावरून बार्बी झाली. आजीचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

तिला नेसवलं आत्यानं. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. स्वतः जन्मभर फिक्या लुगड्यात, आणि हातात सतत दुसऱ्याच्या लग्नाची कशिदाकारी. धारवाडची कसुती तिच्यासारखी फार थोड्यांना येत असे. कापडावर आधी काही रेखायचं नाही, ताणे-बाणे मोजत सुई चालवायची. गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी असे चार टाके. त्यातल्या गवंती-मुरगीत गाठ मारायची नाही. पुढून दिसतं तेच मागून दिसलं पाहिजे.

आत्यानं ठरवलं, हिला इरकली नेसवायची, नऊवारी. हिशेब मी तेव्हा केला नव्हता, आता केलाय. बाहुली साडेअकरा इंच, म्हणजे माणसाच्या सहाव्या हिश्शाची. नऊ वारांचं झालं दीड वार, पन्ह्याचे झाले आठ इंच. पण एक गोष्ट सहा पटींनी कमी होत नाही: सुताची जाडी. आत्यानं पहिल्यांदा कोऱ्या कापडातून तुकडा काढून नेसवून बघितला. कासोटा घातला, निऱ्या केल्या, आणि बाईचा भोपळा झाला. नवं कापड एवढ्या लहान अंगावर पडतच नाही, उभं राहतं. मॅटेललाही हीच अडचण आली होती. त्यांच्या पोशाखकार शार्लट जॉन्सन यासाठी जपानात जाऊन राहिल्या. झिरझिरीत कापडं, बारकी बटणं, बारक्या चेनी तिथं शोधून करवून घेतल्या, आणि शिवण बरीचशी जपानी बायकांनी घरी बसून केली.

आत्याला जपान परवडण्यातलं नव्हतं. तिनं आजीचं एक जुनं लुगडं काढलं. किती धुण्यांतून गेलेलं कोण जाणे! उजेडात धरलं तर पलीकडचं दार दिसावं असं विरलेलं. त्याची दीड वाराची पट्टी काढली, कडेला इरकलीच्या काठातली चिक्कीची अगदी कडेकडेची ओळ जोडली, पदराला दुसऱ्या साडीच्या रेशमी टोपतेनीचा तुकडा. कापड विरलेलं, म्हणून धागे सुटे दिसत होते. त्यावर दोन-दोन धागे मोजून एक गोपूर आणि एक तुळशीवृंदावन भरलं. निऱ्या अशा पडल्या की आजीनं चष्मा काढून पुसला. पदर खांद्यावरून उलटा झाला तरी मागची बाजू पुढच्यासारखीच, म्हणजे लाज नाही. फक्त पायांचं काही करता आलं नाही. बार्बीचे पाय उंच टाचांच्या चपलांसाठी घडवलेले, कायम चवड्यांवर. "हिला टाच टेकायला कुणी शिकवलंच नाही," आत्या म्हणाली आणि तिला भिंतीला टेकवून उभं केलं.

माझा सगळा मुद्दा त्या लुगड्यात आहे. ते जीर्ण झालं होतं म्हणूनच चाललं. कोरं चाललं नसतं.

आता श्लोकाकडे बघा. उपमा माझ्या मते कपडे धुणाऱ्या, शिवणाऱ्या माणसाची नाही. जीर्ण वस्त्रं टाकली, नवी घेतली, झालं. टाकली म्हणजे कुठं टाकली? कुणी उचलली? जिथं उतरवली तिथंच पडली का? श्लोकाचा रोख आत्म्याकडे आहे हे मलाही कळतं. अर्जुनाला रणांगणावर कपाट आवरायला कुणी सांगितलं नव्हतं. पण उपमा जिच्यावर उभी आहे ती गोष्टही खरी असावी लागते. कपडा टाकला की तो संपला, ही गोष्ट आमच्या घरात कधीच खरी नव्हती. कपडा उतरवून पुढे जाणारा त्या श्लोकात आहे. तो उचलून झटकणारी, धुणारी आणि कशाच्या उपयोगाचा आहे ते बघणारी त्यात नाही.

भावजींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे बायकी भाष्य झालं. म्हटलं, असेल. पण पुरुषी भाष्यही दाखवते. बौद्धांच्या विनयपिटकात, चुल्लवग्गात, एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धांच्या शिष्याला, आनंदाला, पाचशे उत्तरीयं दान दिली. राजा चिडला: संन्याशाला एवढी वस्त्रं कशाला, दुकान मांडायचंय का? त्यानं आनंदाला गाठून विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं फाटलीत त्यांना वाटू. मग फाटलेल्यांचं काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचं? गादीचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचं? जमिनीवरच्या बैठकी. जुन्या बैठकींचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? झटकायची फडकी. आणि फडकी झिजली की? ती कुटून चिखलात कालवू आणि जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

संन्यासावरची इतकी व्यवहारी चर्चा मी दुसरीकडे वाचलेली नाही. आनंदाला वस्त्राचा मोह नाही, पण ते टाकायची घाईही नाही. तो शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चालतो, जमिनीत मिसळेपर्यंत. अपरिग्रह म्हणजे आपल्याकडे काही नसणं, असं आम्हाला शिकवलं गेलं. आनंदाच्या उत्तरात तो वेगळाच दिसतो: जे आलंय त्याचं पुढे काय होणार, हे ठाऊक असणं.

आमच्या भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही. बाळाला पहिलं अंगडं जुनेराचं, तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या, म्हणजे मऊही आणि आयुष्यही तेवढं लागावं म्हणून. साडीचा परकर, परकराचं पोलकं, उरलेल्याची कौदी. धारवाडला कौदी म्हणतात. बेळगावपलीकडे वाकळ, गोधडी. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंद बघा एकदा. सगळी जुन्या कापडांच्या तुकड्यांची, कडेकडून आत आत जाणाऱ्या धावदोऱ्याची, आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं. फुलं लावली नाहीत तर कवंद उघडी राहिली असं त्या मानतात. म्हणजे पांघरुणालाही नेसवावं लागतं. शिवाय दारावर बोहारीण यायची, चार साड्यांना एक पातेलं. जरीच्या साडीवर ती आणि आजी अर्धी दुपार घासाघीस करायच्या. या सगळ्या वाटेवर, पोलकं आणि पायपुसणं यांच्यामध्ये कुठंतरी, बाहुलीच्या कपड्यांचा मुक्काम असे. आमच्या बाहुल्यांना नवं कापड कधी मिळालंच नाही. म्हणून मला मॅटेलच्या त्या सुबक झग्यांचं कौतुक असलं तरी आदर नाही. त्यांच्यामागे कुणी वापरून गेलेलं नाही.

भावजींचा पुढचा वार अर्थातच शास्त्राचा. ब्रह्मसूत्रांत वस्त्राचा दृष्टान्त आहे: घडी घातलेलं कापड काय आहे ते कळत नाही, उलगडलं की कळतं, पण दोन्ही एकच. कार्य कारणाहून वेगळं नाही. "म्हणजे वहिनी, तुमचं लुगडं म्हणजे सूत. सूत म्हणजे कापूस. कापूस म्हणजे माती. धरून काय बसायचं?" यावर नैयायिकांनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलंय, ते मी त्यांना सुनावलं: धाग्यांनी थंडी जात नाही, कापडानं जाते, तेव्हा कापड ही धाग्यांहून नवी वस्तू आहे. कोण जिंकलं ते शास्त्री ठरवतील. सुई हातात धरलेलं माणूस नैयायिकांच्याच बाजूचं असणार, एवढं मी सांगू शकते. आत्याचं गोपूर उसवलं तर हातात उरेल तो दोरा, गोपूर नव्हे.

त्यांच्या बाजूनंही एक साक्ष आहे आणि ती या मातीतलीच, मी ती लपवत नाही. अक्कमहादेवी. बाराव्या शतकात राजाचं घर सोडताना तिनं अंगावरची वस्त्रंही सोडली आणि केसांनी अंग झाकून कल्याणला पोचली. तिथं शरणांच्या सभेत, अनुभवमंटपात, अल्लमप्रभूंनी तिला अडवलं: वस्त्र सोडलंस, मग हे केस कशाला? 'शून्यसंपादने'त तिचं उत्तर आहे. त्याचा आशय असा, की आतून फळ पिकल्याशिवाय साल सुटत नाही, आणि हे झाकणं माझ्यासाठी नाही, बघणाऱ्या तुमच्यासाठी आहे.

या उत्तरानं मला बाहुल्यांबद्दल जे कळलं ते कुठल्याच पुस्तकानं कळलं नव्हतं. बाहुलीला थंडी नाही, लाज नाही. आत्या तिला नेसवत होती ते तिच्यासाठी नव्हतंच. मग देवाला तरी कुठं थंडी आहे? तरीही पंढरपुरात थंडीत पांडुरंगाला कानपट्टी बांधतात, रजई पांघरतात. हा अडाणीपणा म्हणणारे म्हणोत. ज्यानं युगानुयुगं ऊन-पाऊस बघितला त्याला कानपट्टी बांधणाऱ्या हाताला नक्की माहीत असतं की दगडाला वारा लागत नाही. उपचार हा शब्दच आपण पूजेलाही वापरतो आणि आजाऱ्यालाही. समोरच्याला गरज असो नसो, मी त्याच्याशी गरज असल्यासारखी वागते. यातून समोरचा दगड बदलतो की नाही यावर वाद घाला. हात तर बदलतो. आणि देवाचं वस्त्र देवाजवळ साठत नाही, हेही बघा. नवरात्रात तिरुपतीहून कोल्हापूरच्या अंबाबाईला शालू येतो, तिला नेसवतात, आणि पुढे त्याचा लिलाव होतो. देवीनं नेसलेलं वस्त्र माणसांच्या घरात जातं.

सगळीच वस्त्रं पायपुसण्यापर्यंत जात नाहीत, हे मात्र खरं. आमच्या हुबळीत बेंगेरीला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात राष्ट्रध्वज तयार होतात. मोठ्यात मोठा २१ फूट बाय १४, लहानात लहान ६ इंच बाय ४, टेबलावरचा. तो लहान झेंडा माझ्या बार्बीच्या हातात शोभेल, इतकी बारीक शिवण. मशीनवर बसलेल्या बायकांच्या हाताखालून तिन्ही रंगांच्या पट्ट्या जातात तेव्हा ते कापड असतं. चक्र उमटतं, शिवण पुरी होते, आणि मग ते जमिनीला लागू द्यायचं नाही. फाटलं तर त्याची कौदी करायची नाही. ध्वजसंहिता सांगते, सबंधच्या सबंध, खाजगीत, मानानं नष्ट करा, शक्यतो जाळून. कापडाला अग्निसंस्कार. नियम सरकारी आहे, पण लिहिणाऱ्याच्या मनात घरचं काहीतरी असणार.

कारण आपण माणसांचंही तेच करतो. आणि इथं तो श्लोक माझ्या मते पुरताच अडतो. शरीर म्हणजे टाकलेलं वस्त्र ना? मग टाकलेल्या वस्त्राला आपण न्हाऊ का घालतो? त्याला नवं वस्त्र का नेसवतो? आमचे लिंगायत शेजारी गेले तेव्हा त्यांना धुऊन, भस्म लावून, नवं नेसवून, हार घालून मांडी घातलेलं बसवलं होतं, आणि तसंच बसलेलं समाधीत ठेवलं. कपड्याला कपडा चढवायचा! तत्त्वज्ञानात याला जागा नाही. पण तत्त्वज्ञान पाठ असलेलं एकही घर हे करायचं टाळत नाही.

माझी धाकटी जाऊ गेली ती सवाष्ण. हिरवी साडी, खणा-नारळाची ओटी, मळवट, सगळं बायकांनी रीतीनं मांडलं. भावजी बाहेर पुरुषांत बसले होते. ते उठून आत आले आणि मला म्हणाले, "वहिनी, तिची ती डाळिंबी इरकली कुठं आहे?" कुणीतरी म्हणालं, जुनी नको, माहेरची कोरी आलीय. त्यांनी ऐकलं नाही. स्वतः कपाट उघडलं, घड्यांच्या खालून ती काढली. घडीवर रेशीम तडकलं होतं, पदराला दोन ठिकाणी भोकं. माहेरची नेसवून झाली, आणि वरून ही त्यांनी आपल्या हातानं पांघरली. भोकं दिसू नयेत म्हणून पदर दोनदा सारखा केला. त्या दिवशी श्लोक म्हटले गेले, गुरुजींनी म्हटले. भावजींनी म्हटले नाहीत.

मी हे त्यांच्याविरुद्ध वापरत नाही. वाद जिंकायला माणसाचं दुःख काढायचं नसतं, आणि हे लिहिण्याआधी त्यांना विचारलंय. ते म्हणाले, "लिहा की. पण त्यानं सिद्ध काय होतं?" सिद्ध काही होत नाही. एवढंच दिसतं की जो निघून गेला त्याच्यासाठी श्लोक पुरेसा आहे. जे मागे पडलं त्याचं काय करायचं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो मागे राहिलेल्यांचा आहे.

बाहुल्यांच्या बाजारात या प्रश्नाचं सगळ्यात वाईट उत्तर सापडतं. तिथं सर्वांत मोठी किंमत कशाला? कारखान्यातून निघाल्यापासून खोका न उघडलेल्या बाहुलीला. साठ वर्षं जिचा झगा कुणी उतरवला नाही, चढवला नाही, ती श्रेष्ठ. मूर्तिपूजेला नावं ठेवणाऱ्यांनी हे बघावं. इथं तर अभिषेक नाही, नैवेद्य नाही, विसर्जन नाही, नुसतं न शिवणं. आषाढातल्या मंगळवारी आमच्याकडच्या मुली मातीची गुळ्ळव्वा करतात, तिला गुंजा लावून सजवतात, ओव्या-गाणी म्हणतात आणि पाण्यात सोडतात. तिचं काही उरत नाही, आणि कुणाला हरवल्यासारखंही वाटत नाही. बंद खोक्यातली बाहुली शाबूत आहे आणि तिचं कुणीच नाही.

बरं, ती शाबूत तरी कुठं राहते? सुरुवातीच्या बार्बींच्या कानात धातूच्या कुड्या होत्या. त्या धातूतल्या तांब्यानं प्लास्टिक आतून हिरवं होत जातं. माझ्या बार्बीच्या डाव्या कानाखाली तो हिरवा डाग गालापर्यंत उतरलाय. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं पाझरत राहतं, पाय चिकट होतात, धूळ धरतात, आणि त्या चिकटपणानं अंगावरचे कपडे पिवळे पडतात. म्हणून मी कपडे वेगळे ठेवते, जुन्या धोतराच्या तुकड्यात, कडुनिंबाच्या पाल्याबरोबर, आणि बाहुल्या वेगळ्या. आजीच्या लुगड्याचं सूत अजून टणक आहे. अमेरिकेतलं शरीर विरघळतंय. कुणाला आत्मा म्हणायचं आणि कुणाला वस्त्र, याचा निकाल भावजींनी द्यावा.

आता राहिला माझ्यानंतरचा प्रश्न. पुण्याला दिनकर केळकरांचं संग्रहालय आहे. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी त्याला दिलं. दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं, बायकांच्या फण्या गावोगाव फिरून जमवल्या आणि १९६२ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. ज्याचं नाव त्यावर आहे त्याला कुठलीच वस्तू हातात घेता आली नाही, इतरांना बघायला मिळाल्या. हा जमवण्याचा फार मोठा प्रकार आहे आणि मला तो झेपणारा नाही. मुलगी म्हणते, आई, विकून टाक, विमानाचं तिकीट निघेल. भावजी म्हणतात, संग्रहालयाला द्या. पण काचेआड बाहुलीचे कपडे कुणी बदलत नाही, आणि कपडे न बदलणारी बाहुली कशाची?

तेव्हा सध्या मी एवढंच करते: शनिवारी दुपारी शेजारच्या दोघी-तिघी मुली येतात, कपाट उघडते, आणि हात धुऊन वाट्टेल ते करा म्हणते. सिंडीला ठकीचं लुगडं नेसवून झालंय. जपानीला जीन्स झालीय. आत्याची इरकली मात्र मी त्यांच्या हाती देत नाही. ती मी स्वतः नेसवते, त्यांनी बघायची. हे माझ्या वरच्या सगळ्या बोलण्याशी जुळत नाही हे मला दिसतं, भावजींनाही दिसलं. "हा मोह," ते म्हणाले. म्हटलं, होय, हा मोहच. आनंदाच्या यादीत फडक्यानंतर चिखल येतो. माझी अजून फडक्यापर्यंतही तयारी नाही.

गेल्या शनिवारी सिंडीच्या बंडीचं प्रेसबटण उडालं. सगळ्यांत धाकटी रडायला लागली. मी म्हटलं, दुसरं लावू, डब्यात खंडीभर पडलीत. तर भावजीच खेकसले, "दुसरं कसं चालेल? मूळचं पाहिजे, वहिनी, किंमत जाते!" आणि टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरले.